हातचा

करिअर सप्ताहातला शेवटचा तास माझा.
आधी एक इंजिनीअर पडद्यावर पूल दाखवून गेले,
मग देवळालीचे सुभेदार, त्यांच्या बुटांचा आवाज
अजून जिन्यात आहे,
मग द्राक्षं निर्यात करणारे गृहस्थ,
त्यांनी प्रत्येकाला एकेक पेन दिलं.
फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलंय :
शिक्षक – खैरनार बाई – ११.४० ते १२.

विचारलं, कुणाला शिक्षक व्हायचंय?
एक हात वर आला.
प्रणय बोरस्तेचा. त्याला पाणी प्यायला जायचं होतं.

मग मी भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.
त्यात दिव्यासारखं जळण्याबद्दल एक वाक्य होतं.
बरं झालं वाचलं नाही.
मी कधी जळले नाही, मला बारा वाजता भूक लागते.

म्हटलं, निखत, खाली जा.
गांगुर्डे बाई मतदार याद्यांच्या कामाला गेल्यात,
दुसरीवर कुणी नाही.
तेवीस वजा आठ. तेवढं शिकवून ये.

निखत तांबोळी, दहावी ब,
गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव.
"एवढंच?" म्हणाली.
आम्ही सगळे मागोमाग जाऊन खिडकीच्या गजांना लटकलो.

तिनं झरझर मांडलं.
तिनातून आठ जात नाहीत, हातचा घ्यायचा,
तेरातून आठ, पाच. समजलं?
समजलंऽऽ, म्हणाला वर्ग,
कशालाही म्हणतो तसा.

फक्त तिसऱ्या बाकावरचा सनोज,
ज्याचे वडील सातपूरला लेथवर आहेत
आणि ज्याच्या घरी मराठी फक्त टीव्हीला येते,
त्यानं दोन्ही तळवे पुढे केले.
उलटे करून पाहिले. सुलटे करून पाहिले.
"दीदी, हातचा दिसत नाही. कुणाच्या हातचा?"

वर्ग हसला. निखत हसली नाही.
मला वाटलं, ते गेलेले तीन गुण हेच असावेत.

तिनं पुसलं, पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरांत.
मोठं लिहून कळत असतं तर
सिडकोतल्या होर्डिंगांनी आपल्याला केव्हाच शहाणं केलं असतं.
सनोजचे तळवे तसेच.

मग ती त्याच्या बाकाशी उकिडवी बसली,
विचारलं, खिशात काय आहे रे?
(हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मला नोकरीची चार वर्षं लागली होती.)

खिशात वॉशर. लोखंडी, तेलकट, चड्डी खाली ओढणारे.
निखतनं वेण्यांच्या दोन्ही रिबिनी सोडल्या,
दहा एकीत ओवले, दहा दुसरीत,
गाठी मारल्या. तीन सुटे ठेवले, उरलेले खिशात परत.
"मला आठ दे."
"नाही पुरत."
"मग?"

बराच वेळ काही झालं नाही.
रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.
मग सनोजनं एक गाठ दातांनी सोडली,
वॉशर फरशीवर घरंगळले,
पाच जण बाकाखाली आडवे झाले शोधायला,
आणि तो ओरडला,
"शेजारच्याचा! दीदी, शेजारच्याचा हातचा!"

घंटा झाली.

वर आल्यावर बाकीचंही सांगितलं, लपवायचं कशाला :
टीईटी आहे, तिच्यानंतर आणखी एक परीक्षा,
पोर्टलवर आपलं नाव शोधण्यात जाणारी वर्षं,
पहिला पगार असा की अंबडच्या कंपनीतला वर्गमित्र
तुमच्या चहाचे पैसे देईल.
खिचडीचा तांदूळ मोजायचा. जनगणनेची दारं वाजवायची.
घसा बसतो. मे महिन्यात स्वप्नात हजेरी होते.

"मग तुम्ही का राहिलात?" प्रणय.
मला पटकन सुचलं नाही.
म्हटलं, जा, पाणी पिऊन ये.

दुसऱ्या दिवशी निखत स्टाफरूमच्या दारात.
"बाई, तो आज पुन्हा विसरलाय."
"विसरणारच."
"मग?"
मी वह्या तपासत राहिले.
मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता जिना उतरताना दिसली,
एका वेणीला रिबीन, दुसरीला रबर,
आणि दप्तरात काहीतरी खुळखुळत होतं.